विश्लेषण : वाघोबाची कथा रेकॉर्ड केली म्हणजे जपली गेली का?

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेली गोरेगावची आरे वसाहत येथील पाड्यांवर वारली कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात. त्यांच्या वाघोबाच्या कथा पोथीत नाहीत, ज्येष्ठांच्या तोंडी आहेत. त्या नोंदवायला हव्यात, यावर दुमत नाही. प्रश्न आहे तो कशा नोंदवायच्या, याचा.

वाघोबा म्हणजे काय?

वाघोबा हे वाघ आणि बिबट्या या दोघांचेही दैवत. दिवाळीच्या सुमारास वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात. कथेचे तपशील गावागणिक बदलतात, गाभा मात्र एकच आहे. माणसाने वाघाला मान आणि त्याचा वाटा द्यायचा, वाघाने माणसाला व गुराढोरांना इजा करायची नाही. थोडक्यात, हा दोन शेजाऱ्यांमधला करार आहे.

अभ्यास काय सांगतो?

‘डब्ल्यूसीएस-इंडिया’च्या अभ्यासकांनी २०१८-१९ मध्ये मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांत वाघोबाच्या सुमारे १५० देवस्थानांची नोंद केली. या श्रद्धेमुळे संघर्ष पूर्ण थांबत नाही, पण बिबट्यासोबत एकाच परिसरात राहणे सुसह्य होते, असा त्यांच्या मांडणीचा आशय. आरेमध्ये २०२१ आणि २०२२ मध्ये बिबट्याने माणसांवर हल्ले केलेच. त्यामुळे कथेला कवच समजणे चूक आणि भाबडी समजूत म्हणून सोडून देणेही चूक.

नोंद कशी असावी?

याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आता ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह प्रसिद्ध करते. तंत्रज्ञानाच्या भाषेत याला ‘मेटाडेटा’ म्हणतात. सांगणारा कोण, पाडा कोणता, प्रसंग काय आणि त्याची संमती आहे का, हे नसेल तर हाती उरते ती केवळ एक ऑडिओ फाइल. ‘आदिवासी लोककथा’ एवढ्याच शीर्षकाखाली व्हिडीओ टाकणे हे जतन नव्हे, ती उचलेगिरी आहे.

मग अडचण कुठे?

ओवी जात्यावर जन्मली. घरोघरी पिठाच्या गिरणीचे दळण आले आणि ओवी गाण्याचे निमित्तच गेले. वाघोबाची कथा देवस्थानाशी आणि जंगलाशी बांधलेली आहे. आरेत २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. पुढे २०२० मध्ये ८०० एकरांहून अधिक जागा राखीव वन करण्याची घोषणा झाली. या निर्णयांची चर्चा झाडे आणि मेट्रोपुरतीच राहते, कथेचा ताळेबंद कोणी मांडत नाही.

म्हणूनच संग्राहकाने आवाजाबरोबर देवस्थानाची जागाही नकाशावर नोंदवावी, मात्र पाड्याला विचारून. नोंदीची एक प्रत पाड्याकडे राहावी. आणि पुनर्वसनाचा आराखडा आखताना सरकारने ती नोंद उघडून पाहावी. पाडा इमारतीत गेला आणि वाघोबा मागे राहिला, तर त्या कराराचा एक पक्षकारच नाहीसा होईल. रेकॉर्डिंग कितीही स्वच्छ असले, तरी ते त्याची जागा घेऊ शकणार नाही.