वृक्षारोपणाआधीचे तीन महिने

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि तिच्या आगेमागे सेक्टरांची नगरी वसली. त्या काळच्या औद्योगिक नगरांना सावली लवकर हवी होती. त्यामुळे गुलमोहर, पेल्टोफोरम, पर्जन्यवृक्ष यांना पसंती मिळाली. त्याबद्दल आज कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. आता वारे बदलले आहेत. नंदिनीच्या जुन्या चुनखडी खाणींच्या पडीक जमिनीवर २०२१ च्या सुमारास मानवनिर्मित जंगल उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. २०२२ च्या जन्माष्टमीला छत्तीसगडच्या शहरांतून ‘कृष्ण कुंज’ योजनेखाली वड, पिंपळ, कदंब लावले गेले. क्वार्टरच्या अंगणात देशी झाड लावू इच्छिणारे हौशी नागरिकही आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. मात्र रोपे कोणत्या बियांची आणि ते बी कोणत्या झाडाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

देशी वृक्षांच्या संवर्धनाचे खरे काम जुलैतील खड्ड्यांपाशी नव्हे, तर एप्रिल ते जून या काळात होते, असे माझे स्पष्ट मत आहे. मोहाची फळे पावसाच्या तोंडावर पिकतात आणि त्यांच्या बियांची उगवणक्षमता काही आठवड्यांतच ओसरते. सालाचे बी तर आठवडाभरात निकामी होते. चारोळीची फळे उन्हाळ्यात उतरतात; तिचे कठीण कवच आतील गराला धक्का न लावता किंचित फोडावे लागते, अन्यथा उगवण फार कमी होते. पळसाच्या शेंगाही पावसाआधीच गळतात. पाच जूनला बैठक भरवून यादी करणाऱ्या गटाच्या हातून चारोळीचा हंगाम निसटलेला असतो. मग रोपवाटिकेत जे मिळेल ते आणले जाते, आणि जे मिळते ते बहुधा झटपट वाढणारे असते.

हे बी शहरात मिळत नाही. मातृवृक्ष दुर्ग, धमधा, पाटण परिसरातील धानाच्या बांधांवर उभे आहेत, आणि तेथेच त्यांची पीछेहाट चालू आहे. कापणीयंत्राला वळण मिळावे म्हणून बांधावरचे झाड जाते. मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो; त्यात कोवळी रोपेही जळतात. परिणामी जुना मोह दिसतो, त्याच्या शेजारी तरुण मोह मात्र दिसत नाही. चारोळीची कथा याहून वाईट. आधी पोहोचेल त्याचे फळ, म्हणून ते कच्चेच ओरबाडले जाते, प्रसंगी फांदीसह.

शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. बांधावरच्या बाभळीच्या सावलीत धान कमी पिकते, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. पूर्वी नांगराला लाकूड मिळे, म्हणून तो ते सोसत असे. आज त्या झाडाने त्याला दुसरे काही दिले पाहिजे. कुसुम, पळस आणि बोर ही लाखेची यजमान झाडे आहेत, अर्जुनावर कोसा पोसता येतो. परंतु याहून सरळ मार्ग म्हणजे शहरातील गटाने चांगल्या मातृवृक्षाचे बी त्याच्याकडून दर ठरवून विकत घ्यावे. झाडाखाली जाळ न करण्याची अटही त्याच व्यवहारात घालता येईल. विस्तार कार्यकर्त्याने दोन्ही पक्षांना एकत्र बसवावे, फळ पिकण्याचे दिवस कळवावेत आणि प्रत्येक पिशवीवर गाव, झाड व तारीख लिहून घ्यावी. आपल्या शिफारस-पत्रकांत खड्ड्याचे माप आणि शेणखताचे प्रमाण आवर्जून असते, बियांचा स्रोत मात्र नसतो. ही उणीव आपली आहे, नागरिकांची नव्हे.

आणखी एक सावधगिरी हवी. ‘देशी’ हा शब्द जमिनीला विचारल्याशिवाय वापरू नये. साल हा छत्तीसगडचा राज्यवृक्ष असला तरी पाणी धरून ठेवणाऱ्या कन्हार जमिनीत तो लावणे म्हणजे रोप वाया घालवणे. तेथे बाभूळ आणि नाल्याकाठी अर्जुन योग्य. मुरमाड भाटा जमिनीत तेंदू, चारोळी. छत्तीसगडी शेतकरी भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी नावे घेऊनच जमीन सांगतो. येत्या हंगामात रोपांची मागणी नोंदवताना अर्जात हा एक रकाना वाढवावा, आणि बी गोळा करण्याचा दौरा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच ठरवावा.