गाडी झाडणाऱ्याच्या मापाची

माधवनगरच्या गल्लीत पहाटे खराटा वाजतो तेव्हा आपण अंथरुणात असतो. झाडणारी ताई मात्र घमेले, सुपली सांभाळत वाकलेली असते. 1957 साली नेमलेल्या मलकानी समितीने सांगितले, डोक्यावरची मैल्याची पाटी उतरवा, चाकाची गाडी द्या. पण गाडीही माणसाच्या मापाची हवी ना?

आम्हांला वाटते, रुंदी बोळात वळेल एवढीच असावी. मूठ कोपराच्या थोडी खाली. चाके मोठी, कारण लहान चाक खड्ड्यात अडकते. ओझे चाकांच्या आसावर पडावे, हातावर नको. ओल्या-सुक्याचे डबे सुटे, एकटीला उचलतील असे. एक फुटला तर तेवढाच बदलावा. खराट्याला कडी, हातमोजे व पाण्याला झाकणाचा कप्पा.

ग्रामपंचायतीने घेण्याआधी एक गाडी ताईंच्या हाती आठवडाभर द्यावी. त्या सांगतील ते माप.

बाबासाहेबांनी 1935 साली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तो कामगाराचा शब्द चालावा म्हणूनच. भगिनींनो, आपणही कचरा वेगळा द्या, काच कागदात गुंडाळा. आणि एक विसरू नका : गाडी कितीही चांगली झाली, तरी ती लेकराला वारशाने मिळू नये. त्याच्या हाती वहीच शोभते.