तुमचा अर्धा भरलेला ग्लास

मागच्या महिन्यात आम्हाला हसायला शिकवलं.

आम्हाला म्हणजे घंटागाडीवरच्या कंत्राटी कामगारांना. पाळी संपली की अंगावरचा वास तसाच घेऊन हजेरी शेडमधून थेट हॉलमध्ये. न येईल त्याचा खाडा. दोन महिन्यांचा पगार थकलेला, पण हॉलला एसी होता. समोर टायवाला. मागे पडद्यावर उगवता सूर्य आणि एक पिवळा हसरा चेहरा. विषय : तणावमुक्त जीवन व सकारात्मक दृष्टिकोन.

टायवाला म्हणाला, डोळे मिटा. पहाटे चारला उठलेली माणसं, निम्मी तिथंच झोपली. कार्यक्रमाचा तेवढाच उपयोग झाला.

मग त्याने ग्लास काढला. ग्लासात अर्धं पाणी. सांगा, अर्धा भरलाय की अर्धा रिकामा? कुणी बोलेना. तेव्हा आमच्या गाडीवरची मावशी उठली. म्हणाली, "सायेब, आमाला गिलास कोन देतंय? सोसायटीत पानी मागितलं तर बाटलीतनं वरनं वततात. वंजळीत किती आलं न् किती सांडलं त्ये इचारा."

हॉल हसला. टायवालाही हसला. आणि म्हणाला, "बघा, पाणी तर मिळालं ना? त्याच्याकडे बघायला शिका."

मित्रांनो, त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसलोय.

वरून ओतलेलं पाणी माझ्या आज्याने प्यालं, बापाने प्यालं, आता मावशी पितेय. पाणी तर मिळालं ना, असंच आमच्या माणसांनी म्हटलं असतं तर २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर कोण गेलं असतं? त्या तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता. मज्जाव आम्हाला होता. ते पाणी प्यालो म्हणून डोकी फुटली आणि कोर्टात दहा वर्षं गेली. १९३७ साली हायकोर्टात आमच्या बाजूने निकाल लागला. टायवाल्याच्या हिशोबाने ही सगळी नकारात्मक माणसं.

निघताना फॉर्म दिला. मी बी.ए. आहे. (हसू नका, आमच्या शेडमध्ये तीन बी.ए. आहेत आणि एक एम.ए. मराठी.) म्हणून मी तो वाचला. 'माझ्या ताणतणावाला मी स्वतः जबाबदार आहे, याची मला जाणीव झाली आहे.' खाली सही किंवा अंगठा.

पगार ठेकेदाराने थकवला, जबाबदार मी. हातमोजे दिले नाहीत, काच घुसली, धनुर्वाताचं इंजेक्शन स्वतःच्या पैशाने घेतलं, जबाबदार मी. पूर्वी म्हणायचे, मागच्या जन्मीचं पाप आहे, भोगा. आता म्हणतात, दृष्टिकोन चुकलाय, सुधारा. कर्मविपाकाच्या गळ्यात टाय बांधलाय, दुसरं काय?

आता त्यांचंच शास्त्र त्यांना सांगतो. बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. १९६७ साली अमेरिकेत, पेन्सिल्वेनिया विद्यापीठात, सेलिगमन आणि मायर या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्याने फळी दाबली की झटका बंद व्हायचा. दुसऱ्यांना तेवढेच झटके, पण त्यांनी काहीही केलं तरी बंद होत नसत. मग दोघांनाही अशा पेटीत टाकलं जिथून ठेंगणी भिंत ओलांडली की सुटका. फळीवाल्या कुत्र्यांनी उड्या मारल्या. दुसऱ्यांतले बरेचसे तिथंच पडून राहिले, कण्हत, मार खात. १९६८ साली त्यांना बरं करायचे उपाय झाले. हाका मारून बघितलं, खायला दाखवून बघितलं, जमलं नाही. शेवटी गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून भिंतीपलीकडे ओढून नेलं, पुन्हा पुन्हा नेलं, तेव्हा ते आपल्या पायाने जायला लागले. हाच सेलिगमन १९९८ साली अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेचा अध्यक्ष झाला आणि 'सकारात्मक मानसशास्त्रा'चा झेंडा त्यानेच लावला. झेंडा आमच्या हॉलपर्यंत पोचला. फळी मात्र वाटेतच कुणीतरी खाल्ली.

तुम्ही म्हणाल, स्वतःची तुलना कुत्र्याशी करतो. करतो. त्याला झटके देणाऱ्याने निदान त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला नव्हता.

माझ्या बापाचा सकारात्मक दृष्टिकोन नवटाकात मिळायचा. संध्याकाळी दोन नवटाक मारले की जग चांगलं, मुकादम चांगला, बायको तेवढी वाईट. आईने तो दृष्टिकोन पाठीवर सोसला. म्हणून मला हे टायवाले ओळखीचे वाटतात. बापाचा निदान वास यायचा.

आणि आमचेच साहेब! चौदा एप्रिलला विहारात पाहुणे म्हणून येतात, सफारी घालून, आणि सांगतात, रडगाणं बंद करा, मी बघा जिद्दीने वर आलो. साहेब, जिद्द होती, कबूल. पण तुम्ही ज्या शिडीने चढलात ती कुणी लावली? ती रडणाऱ्या, भांडणाऱ्या, मोर्च्यात लाठ्या खाणाऱ्या माणसांनी लावली. वर पोचल्यावर शिडीचं नाव 'माझी मनोवृत्ती' ठेवू नका.

रडण्याचीच लाज वाटत असेल तर ऐका. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. जातीमुळे कुठे जागा मिळेना, म्हणून पारशांच्या उतारगृहात पारशी नाव लावून राहिले. एक दिवस लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले, संध्याकाळपर्यंत चालता हो म्हणाले. त्या वेळी आपण सगळ्यांना शिव्याशाप दिले आणि खूप रडलो, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. पिवळा हसरा चेहरा करून बसले नव्हते. रडले, आणि त्या रडण्याचं काय करायचं ते पुढं देशाने बघितलं.

मी हसण्याच्या विरोधात नाही. मावशी गाडीवर दिवसभर हसवते. कुठल्या बंगल्याच्या कचऱ्यात काय निघालं यावर तिची किर्तनं चालतात. ते हसणं आमचं आहे, त्याला हजेरी लागत नाही. आणि उमेद कशाला म्हणतात ते मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना विचारा. युनियन केली, वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घातले, २०१४ साली न्यायाधिकरणात जिंकले, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. त्यांच्या हातात फळी होती. ती त्यांनी स्वतः सुताराकडून करून आणली होती.

फॉर्मवर 'अभिप्राय' असा एक रकाना होता. मी लिहिलं, 'थकलेला पगार, हातमोजे, आणि हात धुवायला शेडमध्ये नळ.' खाली चौदा जणांनी सह्या-अंगठे केले. मावशीने सही केली, अंगठा नाही. साक्षरता वर्गात शिकलीय.

दुसऱ्या दिवशी मला गाडीवरून उतरवलं. कारण काय? तर 'अॅटिट्यूड निगेटिव्ह'. मी घरी बसलो. खोटं कशाला सांगू, दोन रात्री झोप लागली नाही, आणि तिसऱ्या संध्याकाळी बापाच्या जुन्या गुत्त्यापर्यंत जाऊन परत आलो. चौथ्या दिवशी सकाळी मावशी शेडच्या दारात फतकल मारून बसली. तिच्यामागे बाकीचे बसले. सात वाजले, आठ वाजले, एकही गाडी हलली नाही. साडेनवाला ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवरून माझ्या दारात, "चल बाबा, मिटवून टाक."

गेलो. एका महिन्याचा पगार मिळाला, दुसरा अजून थकलेला आहे. हातमोजे आले, सगळे एकाच मापाचे, बायकांच्या हातात राहत नाहीत. नळ नाही आला. पाण्याचा एक ड्रम ठेवलाय, साबण नाही.

मावशीने घरनं एक स्टीलचा ग्लास आणून ड्रमवर साखळीने बांधलाय. टायवाला पुढच्या महिन्यात परत येणार आहे, असं मुकादम सांगत होता.