गांवचें दप्तर गांवास दिसलें पाहिजे

दप्तर ज्याच्या हातीं, गांव त्याच्या मुठींत, हें आमच्या वाडवडिलांनीं सोसून जाणलें होतें. कुळकर्ण्यानें लिहिलें तें खरें आणि कुणब्यानें अंगठा उठविला तें कबूल, असा तो काळ. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापूर संस्थानांत कुळकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. लिहिणारा बदलला, दप्तराचें कुलूप मात्र राहिलें.

त्या कुलपाची किल्ली २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें रयतेस दिली आहे. ती खुंटीस टांगून कां ठेवावी? राजस्थानांत मजूर किसान शक्ति संघटनेनें १९९४ सालीं कोट किराना गांवीं सरकारी कामांचे हिशेब भरसभेंत वाचले, तेव्हां कामावर न गेलेल्यांचीं नांवें हजेरीपटावर निघालीं. अडाणी म्हणून हिणविलेल्या अशा मजुरांच्या लढ्यांतून हा कायदा आला आहे. कोणाच्या मेहेरबानीनें नव्हे.

शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार बंधुभगिनींनो, रीत सोपी आहे. ग्रामपंचायत असो वा तहसील कचेरी, तेथील जन माहिती अधिकाऱ्याच्या नांवें अर्ज करा. महाराष्ट्रांत त्यावर १० रुपयांचें कोर्ट फीचें तिकीट चालतें. दारिद्र्यरेषेखालील माणसास फी माफ आहे. एका अर्जांत एकच विषय, तोही १५० शब्दांच्या आंत. ‘रस्त्यांत पैसे कोणी खाल्ले?’ असें विचारूं नका. ‘अमुक रस्त्याचें अंदाजपत्रक, मोजमाप वही व बिलें यांच्या नकला द्या,’ असें मागा. कशासाठीं हव्या, हें सांगण्याचें बंधन नाहीं. लिहितां येत नसेल त्याची तोंडी मागणी लिहून काढण्यास मदत करणें हें अधिकाऱ्याचें काम आहे. पोंच मात्र घेतल्याशिवाय उठूं नका.

३० दिवसांत उत्तर न आल्यास वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलें अपील, तेथेंही दाद न लागल्यास राज्य माहिती आयोगाकडे दुसरें. विनाकारण दडपून बसणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, जास्तींत जास्त २५,००० रुपये दंड होऊं शकतो.

साहेब रागावतील, पुढारी दांत धरतील, ही भीति खोटी नाहीं. पण धाक एकट्यास घालतां येतो, आळीस नाहीं. म्हणून दहा घरांनीं मिळून दहा अर्ज द्यावे आणि हातीं आलेली नक्कल ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावी. घरांतील मुलीस शाळेंत धाडतां ना? पहिला अर्ज तिच्याच हातून लिहवून घ्या. आपलें दप्तर वाचतां आलें नाहीं, तर विद्या घरांत येऊनही उपयोग काय?