विलीनीकरण हरले, सिंह हरला नव्हता

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा, म्हणजे मगोचा, निकाल आपल्याकडे दोन वाक्यांत लावला जातो. पक्ष गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणासाठी जन्मला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण हरले, तेव्हाच पक्षही संपला. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे म्हणे नुसती धुगधुगी. पणजीतल्या परिसंवादांत हे इतक्या वेळा ऐकले आहे, की बोलणाऱ्यांना ते तपासून पाहावेसे वाटत नाही. ते तपासायला हवे, कारण त्यात गोव्यातल्या कुळा-मुंडकारांचा सगळा इतिहास पुसला जातो.

आधी आकडे पाहू. कौलात विलीनीकरणाच्या बाजूच्या 'फुला'ला १,३८,१७० मते पडली, तर संघप्रदेशाच्या बाजूच्या 'दोन पानां'ना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्येच राजीनामा दिला होता. म्हणजे पक्षाचे ध्येय गेले होते आणि हातात सत्ताही नव्हती. मोडायचा तर पक्ष याच घडीला मोडायला हवा होता. मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. तीस जागांपैकी सोळा मगोला मिळाल्या, बारा विलीनीकरणविरोधी युनायटेड गोवन्सला. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७२ मध्ये मगोच्या अठरा जागा आल्या. तीसच्या त्या सभागृहात पक्षाला मिळालेले हे सर्वांत मोठे यश, आणि ते कौलानंतर पाच वर्षांनी मिळालेले. ऑगस्ट १९७३ मध्ये भाऊसाहेब गेले. तरी १९७७ मध्ये त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकरांनी पंधरा जागा आणून सरकार बनवले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. या जागा कुठून आल्या? पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या पट्ट्यातून, म्हणजे जिथे फुलाला भरघोस मते पडली तिथूनच. मग मतदार तेच, त्यांची निष्ठाही तीच. यातून नवे काय सिद्ध होते? मतदार बहुतांशी तेच होते, हे मी मान्य करतो. पण फूल हरले हे मार्चमध्ये त्यांना पक्के ठाऊक होते. सिंहावर, म्हणजे मगोच्या चिन्हावर, शिक्का मारून महाराष्ट्र मिळणार नव्हता, हे पेडण्यातल्या शेतमजुरालाही कळत होते. तरीही त्याने सिंहावरच शिक्का मारला, पाच वर्षांनी पुन्हा मारला आणि दहा वर्षांनीही मारला. जे मिळणार नाही त्यासाठी गरीब माणूस तीन-तीन निवडणुका मत देत नसतो. त्याला मिळत होते ते दुसरेच काही.

ते काय, हे कळायला मुंडकाराचे घर पाहावे लागते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात, माडांच्या ओळीत, मातीच्या भिंतींचे ते घर. भिंती मुंडकाराने चढवलेल्या, जमीन भाटकाराची. घरात मूल जन्मले, लग्न झाले, म्हातारा गेला, सगळे त्याच चार भिंतींत. पण भाटकाराची मर्जी फिरली की घर खाली करण्याची पाळी. बागायतीची राखण आणि लागेल तेव्हा कामाला हजर राहणे हे त्या घराचे न लिहिलेले भाडे. अशा माणसाला १९६३ मध्ये मताचा अधिकार मिळाला, आणि त्याच्यापुढे मत मागायला भाटकाराचा माणूसही आला आणि भाऊसाहेबांचाही. त्याने कोणाला निवडले ते ९ डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीच्या निकालात दिसते. गोवामुक्तीची पुण्याई आणि दिल्लीची सत्ता दोन्ही पाठीशी असलेल्या काँग्रेसला अख्ख्या गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिचा एकुलता एक आमदार आला तो दमणमधून.

याच निकालाने दुसरा आरोपही खोडला जातो. मगो हा हिंदूंचा पक्ष आणि युनायटेड गोवन्स हा ख्रिस्ती लोकांचा, गोव्याचे राजकारण धर्मावर विभागले गेले एवढेच, असे सांगितले जाते. सासष्टीत युनायटेड गोवन्सचे नेते डॉ. जॅक सिक्वेरांच्या मागे ख्रिस्ती समाज एकवटला होता, यात वाद नाही. पण काँग्रेसच्या उमेदवारांत हिंदू होते, प्रतिष्ठित होते, काही स्वातंत्र्यसैनिकही होते. मत धर्मावर पडले असते तर त्यातले काही तरी गोव्यातून विधानसभेत पोचले असते. हिंदू बहुजनांनी त्यांना नाकारले, कारण त्या उमेदवारांच्या मागे त्यांना आपला भाटकार दिसत होता. भाऊसाहेब स्वतः खाणमालक होते, श्रीमंत होते, हे खरे. पण ज्या गोमंतक मराठा समाजातून ते आले, त्याने अवहेलना पिढ्यान्‌पिढ्या सोसली होती, आणि गावोगावच्या बहुजनांनी त्यांना आपले मानले ते त्या नात्याने.

आणि सरकारने त्या मताची परतफेड केली. १९६४ चा कूळ कायदा आला, कुळाला मर्जीनुसार शेतातून काढणे थांबले. १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा झाला. १९७६ मध्ये शशिकलाताईंच्या सरकारने कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती केली आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. भाटकार न्यायालयात गेले, वर्षानुवर्षे भांडले. ज्यांच्या हातून जमीन जात होती त्यांना या कायद्याचे मोल अचूक कळले होते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात आपल्या बापाचे नाव आहे, हे बोट ठेवून दाखवणारी माणसे आजही गोव्यात भेटतात. गावोगावी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा हा या हिशेबाचा दुसरा भाग. भाटकाराच्या अंगणात वाढलेले पोर त्या शाळेत बसले आणि पुढे कारकून झाले, शिक्षक झाले, वकील झाले. मराठीवरचे या माणसांचे प्रेम मुंबईहून आणून लादलेले होते असे म्हणणाऱ्यांनी त्या शाळांचे पट पाहावेत.

मग पक्ष खचला कशाने? एप्रिल १९७९ मध्ये स्वतःच्याच आमदारांच्या बंडाने सरकार पडले. जानेवारी १९८० मध्ये सात जागा आल्या आणि पराभवानंतर खुद्द शशिकलाताई काँग्रेसमध्ये गेल्या. रमाकांत खलपांनी मोजक्या माणसांनिशी पक्ष धरून ठेवला. आणि पाहा, १९८९ मध्ये चाळीसच्या सभागृहात मगोचे अठरा आमदार निवडून आले, काँग्रेसपेक्षा फक्त दोन कमी! कौलाला बावीस वर्षे होऊन गेली होती, गोव्याला घटक राज्याचा दर्जाही मिळून गेला होता. विलीनीकरणाबरोबर मेलेल्या पक्षाला अठरा मतदारसंघ मिळत नाहीत. त्या अठरांची माती नेत्यांनी केली. १९९० मध्ये काँग्रेस फोडून आघाडीचे सरकार आणले, ते वर्षभरही टिकले नाही. जानेवारी १९९१ मध्ये मगोतून फुटून रवी नाईक काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले.

१९९४ मध्ये भाजपशी युती झाली. गोव्याच्या विधानसभेत भाजपचे पहिले चार आमदार या युतीतून पोचले, आणि त्यांतली एक जागा होती मडकई, भाऊसाहेबांची मडकई. मगोचे बारा आले होते. १९९९ मध्ये मगो चारवर आणि भाजप दहावर. सत्तरी-डिचोलीतला जो बहुजन मतदार भाऊसाहेबांनी उभा केला, तो पक्षाने शेजाऱ्याला आंदण दिला. मार्च २०१९ मध्ये तीनपैकी दोन आमदार मध्यरात्री भाजपमध्ये विलीन झाले; पक्षच इतका आकसला होता की दोन-तृतीयांशाची अट पुरी करायला दोन माणसे पुरली.

पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा घाव २०१४ चा. त्या वर्षी कूळ आणि मुंडकार कायद्यांत दुरुस्ती करून खटले मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे नेले गेले, आणि हक्क मागण्याला मुदतीची मर्यादा घातली गेली. वकिलाची फी परवडत नाही अशा कुळाला दिवाणी कोर्टाची पायरी चढायला लावणे म्हणजे त्याने दावा सोडून द्यावा अशी व्यवस्था करणे. कुळे-मुंडकार रस्त्यावर आली. ही दुरुस्ती करणाऱ्या मंत्रिमंडळात मगोचे दोन मंत्री बसले होते. ज्या पक्षाने कूळ कायदा केला, त्याच्या मंत्र्यांनी त्या दिवशी राजीनामे दिले असते, तर आज पक्षाचे आमदार किती असते याचा विचार पक्षातल्या कार्यकर्त्यांनी करावा. खटले पुढे मामलेदारांकडे परत आले, तेही कुळांनी आवाज उठवल्यामुळे.

२०२२ मध्ये तृणमूलशी युती करून मगोने दोन जागा जिंकल्या आणि निकालानंतर भाजपला पाठिंबा दिला. मडकई पक्षाकडे आहे, मंत्रिपदही आहे. मामलेदार कचेऱ्यांत मुंडकारांचे दावे तारखांवर तारखा घेत पडून आहेत. ज्याने दावा लावला त्याचा आता नातू तारखेला जातो. मगोला सरकारकडे मागायचे असेल तर हे मागावे: प्रत्येक तालुक्यात या दाव्यांसाठी वेगळा मामलेदार आणि निकालाला ठरावीक मुदत. विधानसभेत हा ठराव मांडायला दोन आमदार पुष्कळ झाले.