शून्य रुपये म्हणजे ठणठणीत?

आज जरा भांडायचा मूड आहे. भांडण आमच्याच जमातीशी, म्हणजे मॉडेलं बनवणाऱ्या इंजिनिअरांशी. मुद्दा एकच: दवाखान्याचं बिल म्हणजे आजार नव्हे!

आधी थोडं तांत्रिक. पुढच्या वर्षी कोणावर किती वैद्यकीय खर्च होईल हे सांगणं अवघड, कारण हा डेटाच विचित्र. बऱ्याच लोकांचा खर्च शून्य, बाकीच्यांचा किरकोळ आणि मूठभरांचा अफाट. साधं रिग्रेशन इथे आडवं होतं. म्हणून दोन टप्प्यांचं मॉडेल वापरतात. हा माणूस डॉक्टरकडे जाईल याची शक्यता किती? आणि गेलाच तर खर्च किती? दोन्हींचा गुणाकार केला की अपेक्षित खर्च हातात. आयडिया झकास आहे, वादच नाही.

पण त्या शून्यात कोण कोण आहे?

हे मॉडेल ज्या कामातून नावारूपाला आलं त्या अमेरिकेतल्या रँड आरोग्य विमा प्रयोगातच (१९७४ ते १९८२) उत्तर आहे. काही कुटुंबांना उपचार फुकट होते, तर काहींना ठरावीक मर्यादेपर्यंत बिलाचा ९५ टक्के वाटा स्वतः भरायचा होता. खिशाला चाट बसणाऱ्यांनी उपचार कमी घेतले. नुसते फालतू नाही, गरजेचेसुद्धा! म्हणजे शून्यवाल्यांत ठणठणीत लोक आहेत, तसेच पैशापायी घरी बसलेलेही आहेत. मॉडेलला दोघे सारखेच.

याचा परिणाम २०१९ साली 'सायन्स'मधल्या एका शोधनिबंधात दिसला. अमेरिकेत जास्त देखभालीची गरज असलेले रुग्ण निवडणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते गरज मोजायचं भावी खर्चावरून. तिथे तेवढ्याच आजारांच्या कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्च कमी होतो, त्यामुळे समान स्कोअर असलेले कृष्णवर्णीय प्रत्यक्षात जास्त आजारी निघाले. ही तफावत काढली तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचा वाटा १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जातो!

आता आमचे मित्र म्हणतील, "अरे, पण खर्चाचा अंदाज तर बरोबर होता ना?" हो, होता. तीच तर बोंब आहे. चुकीच्या प्रश्नाचं अचूक उत्तर! विमा कंपनीला पैशांची तजवीज करायची असेल तर खर्च जरूर मोजा. पण कोणाला नर्स द्यायची हे ठरवताना खर्चाच्या कॉलमला 'गरज' असं नाव देणं ही शुद्ध लबाडी आहे.

आणि हे फक्त अमेरिकेचं दुखणं नाही. आपल्याकडे २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला. मराठीत 'दुखणं अंगावर काढणं' हा वाक्प्रचार उगाच नाही रुळला. अंगावर काढलेल्या दुखण्याचं बिल होत नाही, क्लेम होत नाही, आणि डेटाबेसमध्ये त्याची रो पण तयार होत नाही. उद्या अशाच क्लेमवरून कुठल्या तालुक्याला किती निधी हे ठरवलं, तर जिथे दवाखानाच नाही तो तालुका सगळ्यात निरोगी ठरेल!

तेव्हा मंडळी, पुढचं मॉडेल ट्रेन करायच्या आधी एवढंच करा. टार्गेट कॉलममध्ये नक्की काय मोजलंय ते बघा, आणि तपासणीचे आकडे हाती असतील तर शून्यवाल्यांची साखर, रक्तदाब काय म्हणतो तेही बघा. अ‍ॅक्युरसीचे झेंडे नंतर नाचवू.