महाग काठी म्हणजे मजबूत काठी नव्हे

व्यापाराच्या पानावर आज आम्ही गळाच्या काठीविषयी लिहीत आहोत, हे पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. मासे गरवण्याची हौस ज्याला आहे त्याने ती खुशाल करावी, पण दुकानदाराला आणि कारागिराला तिच्याशी काय देणेघेणे, असे ते विचारतील. आमचे उत्तर साधे आहे. करवत, हातोडा, शिलाई यंत्र ही जशी हत्यारे आहेत, तशीच काठीही एक हत्यार आहे. हत्यार घेणाऱ्यापुढे आणि विकणाऱ्यापुढे नेहमी एकच प्रश्न उभा असतो: हे कामाला पुरेल काय, आणि त्याचे दाम वाजवी आहे काय? अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी जी जड काठी विकली जाते, तिच्या बाजारात हा प्रश्न फार उघडपणे दिसतो. म्हणून त्या बाजाराकडे पाहणे आम्हाला उपयोगाचे वाटते.

काम काय आहे?

बास हा गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा शिकारी मासा. एरवी तो एक-दोन किलोंचा सापडतो. परंतु १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी धरलेला बास २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून अधिक वजनाचा होता. २००९ साली जपानच्या बिवा तलावात मनाबू कुरिता यांनी त्याच तोडीचा मासा धरून त्या विक्रमाची बरोबरी केली.

हा मासा मोकळ्या पाण्यापेक्षा आडोशाला राहणे पसंत करतो. फ्लोरिडातील ओकीचोबी तलाव पसरट आणि उथळ आहे. त्याच्या काठाने लव्हाळे, पाणकणीस आणि जलपर्णी यांची दाटी असते. टेक्सास आणि लुइझियाना यांच्या सीमेवरील टोलेडो बेंड जलाशयात बुडालेल्या झाडांची खोडे उभी आहेत. जोडीला हायड्रिला नावाचे पाणगवत आहे. ते मूळचे आशियातले, आपल्याकडच्या तळ्यांतही वाढणारे. १९५० नंतर शोभेच्या मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून ते फ्लोरिडात गेले आणि पुढे तिथल्या तलावांत माजले.

अशा दाटीत गळाला लागलेला मासा पहिल्या दोन-तीन क्षणांतच खोडाला नाही तर वेलीला वेढा घालतो. एकदा वेढा बसला की मासाही गेला आणि गळही गेला. म्हणून येथे माशाला खेळवून दमवण्याची सोय नाही. झटका देऊन त्याचे तोंड वर वळवायचे आणि तो सावरण्याच्या आत त्याला बाहेर ओढायचे, एवढेच काम. मासा दीड किलोचा असला तरी त्याच्यासोबत तितकाच किंवा त्याहून जास्त ओला पाला वर येतो. हा सगळा भार काठीवर पडतो. जड काठी लागते ती यासाठी.

ही काठी आली कोठून?

ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून आलेली नाही. कॅलिफोर्नियातील गरवणारे लोक लव्हाळ्यांच्या बेटांत लांबलचक काठीने आमिष अलगद सोडत असत. त्याच रिवाजातून डी थॉमस यांनी आपली पद्धत बसवली. १९७५ साली आर्कान्सा राज्यातील बुल शोल्स जलाशयावर भरलेली मोठी स्पर्धा त्यांनी या पद्धतीने जिंकली. त्यांच्या लांब काठीवर इतर स्पर्धकांनी हरकत घेतली आणि स्पर्धेतील काठीला आठ फुटांची मर्यादा आली. मग फेनविक कंपनीने साडेसात फुटांची जाड, ताठ काठी काढली. तिचे नाव फ्लिपिन स्टिक. आजची बहुतेक जड काठी तिच्याच वंशातली आहे.

याच सुमारास काठीचा मालही बदलत होता. तोवर काचतंतूची, म्हणजे फायबर ग्लासची काठी चालत असे. १९७३ साली फेनविकनेच ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनतंतूची काठी बाजारात आणली. ती हलकी आणि ताठ होती, पण ठेच लागली की मोडण्याची भीती होती. १९७६ साली शेक्सपिअर कंपनीने काच आणि कार्बन यांची सांगड घालून अग्ली स्टिक काढली. ती दिसायला ओबडधोबड, वजनाने थोडी जड, पण दणकट आणि स्वस्त होती. ती आजही विकली जाते, यातच पुष्कळ काही आले.

जास्तीचे पैसे कशाचे?

आज अमेरिकेच्या दुकानात पन्नास ते शंभर डॉलरपर्यंत चांगली जड काठी मिळते. शेजारच्याच खुंटीला तीनशे, चारशे, पाचशे डॉलरची काठीही टांगलेली असते. दोघींवर 'हेवी' हाच शब्द छापलेला. गिऱ्हाइकाने विचारावे की वरचे तीनशे डॉलर कशाचे?

पहिले उत्तर मिळते ते कार्बनच्या दर्जाचे. काठीवर आयएम ६, आयएम ७ अशी अक्षरे असतात, नाही तर चोवीस टन, तीस टन, चाळीस टन असे आकडे असतात. आयएम ही मुळात एका तंतू उत्पादक कंपनीच्या मालाची नावे होती. पुढे ती सर्रास कोणीही छापू लागला. सगळ्या धंद्याने मान्य केलेले असे त्यांचे माप नाही. आकडा चढला म्हणजे तंतू अधिक ताठ झाला, एवढेच समजावे. ताठपणा वाढला की काठी हलकी करता येते आणि पाण्याखालचा बारीक धक्का हाताला लवकर कळतो. पण तीच काठी ठेचेला आणि आडव्यातिडव्या ताणाला नाजूकही होत जाते.

आता दाट शेवाळात हा बारीक धक्का कळण्याचे मोल किती? रबरी बेडूक शेवाळावरून ओढला जातो तेव्हा मासा त्यावर झडप घालतो ती डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते. आमिष भोकातून खाली सोडले तर ते नावेपासून पंधरा-वीस फुटांवरच असते. शिवाय या कामाला तंगूस न वापरता विणलेली दोरी वापरतात. ती ताणली जात नाही, त्यामुळे खालची हालचाल ती जशीच्या तशी वर पोचवते. जे काम दोरी फुकटात करते त्यासाठी काठीला तीनशे डॉलर कशाला मोजायचे? आमचे स्पष्ट मत आहे की, खोल स्वच्छ पाण्यात हलके आमिष वापरणाऱ्याला महाग कार्बनचा उपयोग आहे. दाटीत काम करणाऱ्याला मात्र तो परवडणारा नव्हे आणि गरजेचाही नव्हे.

पैसे कोठे घालावेत?

याचा अर्थ हाताला येईल ती स्वस्त काठी उचलावी असा नाही. स्वस्त आणि टाकाऊ यांतला फरक जाणणे हीच खरी व्यापारी दृष्टी.

पहिली गोष्ट लांबी आणि ताकद. सात फूट तीन इंच ते साडेसात फूट, एकसंध दांड्याची काठी या कामाला उत्तम. मुठीजवळ छापलेला मजकूर वाचावा. आमिषाचे वजन पाऊण औंस ते दीड औंस, म्हणजे सुमारे वीस ते चाळीस ग्रॅम, हिच्या पट्ट्यात बसले पाहिजे. मात्र एका कंपनीची 'हेवी' दुसऱ्या कंपनीच्या 'मीडियम हेवी' एवढीच भरते. म्हणून छापील शब्दावर विसंबू नये. टोक हलकेच हातात धरून काठी वाकवून पाहावी. वरचा तिसरा हिस्सा वाकावा आणि खालचा दांडा तसाच ताठ राहावा. टोकाला थोडी लवचीकता हवीच, नाही तर ताणली न जाणारी दोरी माशाचे तोंड फाडते.

दुसरी गोष्ट कड्या. दोरी ज्या कड्यांतून धावते त्यांच्या आत चिनी मातीसारखे कठीण अस्तर असते. विणलेली दोरी करवतीसारखी घासते. अस्तर हलके असेल तर त्यात चरा पडतो आणि तो चरा पुढे दोरीच कापतो. कड्यांचे पाय दोन्ही बाजूंनी बांधलेले असावेत, निदान खालच्या कड्यांचे तरी. कानात घालायच्या कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवावी. कापूस अडकला तर ती काठी परत ठेवावी. मग मुठीच्या बाजूने एक डोळा मिटून पाहावे, सगळ्या कड्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट रिळाची बैठक. रीळ बसवून जोराने हलवावे. ते किंचितही डगमगले तर भर झटक्यात दगा देणार. मूठ बुचाची आहे की फोमची, हा नुसता शोभेचा प्रश्न आहे. लांब मूठ मात्र हवी, कारण झटका देताना ती कोपराखाली टेकवता येते.

हिशेबच मांडायचा तर समजा गिऱ्हाइकाजवळ दोनशे डॉलर आहेत. त्यातले ऐंशी काठीला घालावेत, ऐंशी भक्कम दातांच्या रिळाला, आणि उरलेले चाळीस पन्नास-पासष्ट पौंडी दोरी, जाड तारेचे गळ आणि वजने यांना. काठीलाच दोनशे घालून उरलेला संसार हलक्या मालावर उभा करणारा माणूस मासा घालवतो. गळ सरळ झाला तर काठी कितीही महाग असो, तिचा काय उपयोग?

दुसरी बाजू

महाग काठीच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. तो म्हणजे वजन. दिवसभरात शेकडो वेळा आमिष टाकणाऱ्याला टोकाकडे झुकणारी जड काठी मनगटाला आणि खांद्याला त्रास देते. स्पर्धांवर ज्याचे पोट आहे त्याने हलक्या काठीला जास्त दाम दिले तर तो खर्च नव्हे, ते भांडवल आहे. पण महिन्यातून दोन रविवार तलावावर जाणाऱ्याला हाच मुद्दा सांगून पाचशे डॉलरची काठी गळ्यात मारणे, याला आम्ही व्यापार म्हणत नाही.

मोडण्याविषयीही एक शब्द. काठ्या मोडतात त्या बहुधा माशाने नव्हे, माणसाने. नावेत काठी पायाखाली येते, गाडीच्या दारात चेपते, शिशाचे वजन दांड्यावर आदळते. मासा नावेजवळ आला की काठी उभी करून त्याला उचलायचा मोह होतो, तेव्हा सगळा भार बारीक टोकावर येतो. हे चार शब्द विकताना सांगणाऱ्या दुकानदाराकडे तक्रार घेऊन येणारे कमी असतात.

कराचा एक तपशील सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत १९५० च्या कायद्यापासून मासेमारीच्या साधनांवर उत्पादकाकडून केंद्रीय कर घेतला जातो आणि तो पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी मिळतो. कराचा दर दहा टक्के आहे, पण काठीवर जास्तीत जास्त दहा डॉलर. म्हणजे साध्या काठीचा ग्राहक तलावाच्या भल्यासाठी प्रमाणाने श्रीमंत ग्राहकापेक्षा अधिकच देतो. स्वस्त मालाच्या गिऱ्हाइकाकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्यासाठी बोध

बास आपल्याकडच्या बाजाराचा मासा नव्हे. पण तळ्यातल्या शेवाळात दडणारी मरळ आणि कोकणच्या खाडीत खारफुटीच्या मुळांशी राहणारा जिताडा यांचा स्वभाव असाच आहे. त्यांच्यामागे लागणारे हौशी लोक अशाच जड काठ्या वापरतात. या काठ्यांपैकी पुष्कळ चीनमध्ये बनतात. शांतुंग प्रांतातील वेहाई शहर तर या धंद्यासाठीच ओळखले जाते. आपला जो दुकानदार हा माल ठेवतो त्याने नावाच्या चिठ्ठीवर जाऊ नये. वर सांगितलेली कापसाची काडी घाऊक माल घेतानाच फिरवावी.

कारागिरालाही येथे जागा आहे. कडी म्हणजे सुताने गुंडाळून वर एपॉक्सीचा लेप दिलेले काम. तुटलेले टोक कापून नवी टोककडी चिकटवणे, निघालेली कडी पुन्हा बांधणे, सैल बैठक घट्ट करणे ही कामे सराईत बोटांना जड नाहीत. काठी फेकून नवी घ्यायला लावण्यापेक्षा ती दुरुस्त करून देणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

शेवटी मुद्दा काठीपुरता राहत नाही. गिऱ्हाईक दुकानात येते तेव्हा त्याला बहुतेक वेळा आपल्या कामाची माहिती असते, मालाची नसते. मालाची माहिती आपल्याजवळ असते. तिचा उपयोग त्याचा खिसा हलका करण्यासाठी करायचा की त्याचे काम सोपे करण्यासाठी, हे आपल्या हाती आहे. "मासा कोठे धरणार?" हा एक प्रश्न आधी विचारून मग खुंटीवरची काठी काढणारा दुकानदार आज दोन पैसे कमी मिळवील. पण ते गिऱ्हाईक उद्या रीळ न्यायला येईल, परवा दोरी न्यायला येईल आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन येईल. धंद्यात बरकत अशीच येते, असे आम्हाला वाटते.